पंधरा वर्षं, चार महिने

३ जून

तुला अनेक आशीर्वाद. सगळे एकदम देत नाही, थोडे हाताशी राखून ठेवलेत. तुझं पुढचं पत्र कसं येतं ते बघून देईन.

फोनवर आपलं तिसऱ्या वाक्याला भांडण होतं, म्हणून लिहिते. पत्रात तुला मधे बोलता येत नाही, हे मला फार आवडतं.

तुझा हिशेबाचा कागद मिळाला. घर सोडून चार वर्षं झाली तुला, आणि एवढ्या काळात तू मला लिहिलेलं हे सगळ्यात लांब पत्र. त्यात माणसाचं वाक्य एकच, "वाचून घे आणि पोरीला इकडे पाठवून दे." बाकी सगळे आकडे. मी चौथीपर्यंतच शिकले, पण या कापड रंगवायच्या कारखान्याचा गल्ला चाळीस वर्षं सांभाळला आहे. म्हणून बसून एकेक आकडा तपासला. तीन वर्षांची कॉलेजची फी, वर्षाला चाळीस हजार. तेवढ्या काळात तिने तुझ्या ओळखीच्या दुकानात गल्ल्यावर बसून महिना बारा हजार कमावले असते, ते बुडाले. दोन्ही मिळून पाच लाख बावन्न हजार. रसायनशास्त्र शिकून सुरुवातीला मिळणार पंधरा हजार, म्हणजे महिन्याला तीनच हजार जास्त. तेव्हा घातलेले पैसे वसूल व्हायला पंधरा वर्षं, चार महिने.

बेरीज बरोबर आहे. भागाकारही बरोबर आहे. ते पंधरा हजारही खरे आहेत, मी स्वतः तिला जाहिराती वाचायला लावल्या. एक तर तेरा हजारांचीच होती, वर रविवारी यायचं. मी म्हटलं, याच्यापेक्षा बसचा कंडक्टर बरा. ती म्हणाली, "आजी, तू कुणाच्या बाजूने आहेस?"

तर ऐक. तिची दोन वर्षं संपली. तिने आज कॉलेज सोडलं तरी त्या दोन वर्षांची फी आणि पगार कुणी परत आणून देणार नाही. मग ती दोन वर्षं तू आजच्या हिशेबात कशाला ओढतोस? उरलं एक वर्ष. एक लाख चौऱ्याऐंशी हजार. तुझ्याच तीन हजारांनी भागलं तर पाच वर्षं आणि वर महिनाभर. पंधराची पाच झाली, आणि मी अजून चहासुद्धा घेतलेला नाही.

टिटवी वीस वर्षांची आहे. (जन्मल्यावर सहा महिने ओरडत होती म्हणून मी ठेवलेलं नाव. तू अजून चिडतोस का त्यावर?) ती शिकायचं म्हणते. पण तू बोलावलंस तर ती निमूट बॅग भरेल, हे मला माहीत आहे. तिला बापाचं मन मोडवत नाही. हा गुण तिने कुठून घेतला कोण जाणे, माझ्याकडून नाही. म्हणून बोलावू नकोस. तिसऱ्या वर्षाची फी भरायची शेवटची तारीख ३१ जुलै. ती मी भरणार आहे. गणवेशवाल्याची ऑर्डर आली आहे, अकरा शाळांचं निळं कापड. त्यातून निघेल.

पहिला लॉट मात्र परत आला. डाग डाग पडलेत म्हणे. आपला म्हातारा मिस्त्री हर्नियाचं ऑपरेशन करून घरी पडला आहे, त्याच्या जागी एक नवा माणूस ठेवलाय. तो ढवळताना झोपतो.

सूनबाईला विचारलंय म्हणून सांग.

तुझी आई


१७ जून

तुझं कार्ड पोचलं. "हिशेब बदलत नाही" एवढंच लिहायला तिकीट वाया घालवलंस.

दुसरा लॉटही परत आला. गणवेशवाला स्वतः आला होता. ठाण उलगडून अंगणात पसरलं. कापड एका टोकाला गडद, मधे फिकट, जागोजागी ढग उठल्यासारखे. जाताना म्हणाला, "आजी, तुमच्या यजमानांपासूनचा संबंध आहे. तिसरा लॉट बघतो. तोही असाच निघाला तर ऑर्डर दुसरीकडे द्यावी लागेल." ऑर्डर गेली तर फी गेली, हे मी त्याला सांगितलं नाही. तुला का सांगते आहे तेही कळत नाही, तुला आनंदच होईल.

नव्या माणसाला मी चार शब्द सुनावले. चार म्हणजे साधारण पाऊण तास. तो म्हणतो, तुम्ही मिठाचं पाणी करून देता, मी ते जसंच्या तसं रंगाच्या टाकीत ओततो, बाकी मी काहीच करत नाही. तेच तर म्हटलं मी, काहीच करत नाहीस.

तुझी लेक सध्या बाटल्या घेऊन फिरते. माझ्या मिठाच्या पिंपातून रोज एक बाटली भरते, वर तारीख चिकटवते आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेते. तिथल्या बाईंची परवानगी काढली आहे. घरात उलटतपासणी चालू आहे. आजी, मीठ किती टाकतेस? लागेल तेवढं. म्हणजे किती? जिभेला कळेल तेवढं. मग ती वहीत काहीतरी लिहिते. "जिभेला कळेल तेवढं" हे लिहायला तिला अर्धं पान का लागतं, मी विचारलं नाही.

तिची बोटं काळी पडलीत. चांदीचं कसलंसं औषध वापरतात म्हणे, सांडलं की चामडीवर डाग पडतो. घासून जात नाही. या घरात आतापर्यंत फक्त निळ्या बोटांच्या बायका होत्या.

तुझी आई


२ जुलै

आता नीट बसून वाच. उभा असशील तर बस.

तिसरा लॉट पास झाला. पास म्हणजे कसा, तर गणवेशवाल्याने पहिलं ठाण आणि शेवटचं ठाण शेजारी शेजारी धरलं, उन्हात नेलं, सावलीत नेलं, चष्मा काढून बघितलं, चष्मा लावून बघितलं, आणि म्हणाला यातलं पहिलं कुठलं ते मीच विसरलो. तीनशे मीटर कापड, या टोकापासून त्या टोकापर्यंत एक निळा. अकरा शाळांची ऑर्डर आपल्याकडे राहिली, वर पुढच्या वर्षीचीही बोलून गेला. बयाणा दिला. फीचे चाळीस हजार मी त्यातून बाजूला काढून डब्यात ठेवलेसुद्धा.

आणि हे कुणी केलं? तुझ्या हिशेबात जी पंधरा वर्षं चार महिने तोट्यात बसणार होती, तिने. अजून पदवी हातात पडलेली नाही. अर्धवट शिकलेल्या पोरीने एवढी ऑर्डर वाचवली, तर पुरी शिकली की काय करेल, याचा भागाकार तू कर. तुला आवडतात.

तिने काय केलं ते रसायनातलं आहे, तुला कळणार नाही. मलाही पूर्ण कळलेलं नाही. असो.

मिस्त्री कामावर परत आला. बारीक झालाय. बाकी सगळं ठीक.

तुझी आई


१४ जुलै

"तिने नेमकं काय शोधलं ते लिही. टाळू नकोस. नाहीतर रविवारी येऊन तिला घेऊन जातो." या तीन ओळी मी चार दिवस उशीखाली ठेवल्या. तुला वाटलं असेल, म्हातारी बढाई मारते आहे. बढाई नव्हती. पण पत्राचं पान मी मधूनच मोडून पाठवलं, हे खरं आहे.

पूर्ण लिहिते. एकदाच लिहीन. पुन्हा विचारायचं नाही.

टिटवीने नऊ बाटल्या तपासल्या. पद्धत अशी की मिठाच्या पाण्यात ते चांदीचं औषध थेंबाथेंबाने सोडायचं. आधी पाणी दह्यासारखं पांढरं होतं, आणि मीठ संपलं की एका थेंबाला विटकरी रंग येतो. किती थेंब लागले यावरून मीठ किती ते कळतं. नऊ बाटल्यांत नऊ तऱ्हेचं मीठ निघालं. एकात लागतं त्याच्या दीडपट, एकात दुपटीच्या वर. मीठ रंगाला पाण्यातून कापडाकडे ढकलतं, हे मला चाळीस वर्षं माहीत आहे. जास्त झालं की रंग पळत सुटतो आणि जे कापड आधी भेटेल त्याच्यावर गर्दी करतो, हे तिने सांगितलं. ते ढग तेच.

मी म्हटलं, औषध खोटं आहे. मी म्हटलं, तुझ्या बाईंनी कधी टाकी तरी बघितली आहे का? ती वाद घालत बसली नाही. दुपारी जेवण झाल्यावर तिने टेबलावर चार पेले मांडले. म्हणाली, चारही चाखून कमी खारटापासून जास्त खारटापर्यंत लावून दे. एवढंच.

मी लावले. डौलात लावले. शेवटच्या पेल्यावर बोट ठेवून म्हटलं, हा सगळ्यात खारट, यात मूठभर मीठ आहे.

तिने तो पेला उचलला आणि घटाघटा पिऊन टाकला.

"आजी, हे नळाचं पाणी आहे."

हसली नाही. हसली असती तर मी तिला घराबाहेर काढलं असतं, मला सवय आहे. तिने पेले विसळले, पालथे घातले आणि विचारलं, "कधीपासून?"

पाच वर्षांपूर्वी मला तो मोठा ताप आला होता, आठवतो? ताप उतरला तेव्हा जीभ गेली होती. बोलायला शाबूत होती, चवीला गेली. भाकरी म्हणजे ओला पुठ्ठा. वाटलं, येईल आठ दिवसांत. आठ दिवसांचं वर्ष झालं. स्वयंपाकात मी चमचा मोजून मीठ टाकू लागले, कुणाला कळलं नाही. कारखान्यात मात्र मोजताना कुणीतरी बघितलं असतं. तिथे तर गिऱ्हाइकं बघायला यायची मला पाणी चाखताना. तुझे वडील सांगत सुटायचे, काटा चुकेल पण हिची जीभ चुकायची नाही. मग मी काय करायची, काहीतरी जाणवेपर्यंत मीठ टाकत राहायची. आणि चेहरा तसाच ठेवायची.

कुणाला का सांगितलं नाही, असं विचारशील. या कारखान्यात माझ्याकडे दुसरं काय होतं रे? तुझ्या वडिलांना रंग कळायचे, तुला यंत्रं कळायची, मिस्त्रीला कापड. मी चौथी पास. ती जीभ हीच माझी पदवी होती. फुकट मिळाली होती म्हणून कधी किंमत लावली नाही, आणि एका तापात गेली. तुझ्या लेकीने तिची विद्या पैसे मोजून, बोटं काळी करून मिळवलेली आहे. तिला कितीही ताप येऊ दे, ती तशीच राहणार. हे तुझ्या कागदावर नव्हतं, म्हणून वेगळं लिहिते.

तिसऱ्या लॉटचं मीठ तिने वाण्याकडून तोलून आणून टाकलं, म्हणून तो पास झाला. आता उरलेलं.

चार वर्षांपूर्वी तो लॉट बिघडला तेव्हा तू मला म्हणालास, "आई, मीठ जास्त झालंय." गल्ल्यापाशी पडदेवाला होता, चादरवाली होती आणि तो टोपीवाला म्हातारा. त्यांच्यासमोर मी तुला म्हटलं की तू रंग पक्का करायचा सोडा स्वस्तातला आणून माल नासवलास, पैसे खाल्लेस आणि वर माझ्या जिभेवर घसरतोस. तू किल्ल्या टेबलावर ठेवल्यास. पोरीची शाळा इथे म्हणून ती माझ्यापाशी राहिली आणि तुम्ही दोघं गेलात.

सोडा चांगला होता. मीठच जास्त होतं. मला तेव्हाही माहीत होतं. पुरतं नव्हतं, पण एवढं होतं की मी ते पाणी पुन्हा चाखून बघितलं नाही.

तू गेल्यावर लॉट बिघडायचे थांबले, म्हणून मी चार वर्षं सगळ्यांना सांगत होते, बघा, तो गेला आणि रंग सुधारला. परवा मिस्त्रीला धरला. तो खाली मान घालून म्हणाला की तुझ्या त्या बोलण्यानंतर त्याने अंदाज बांधला, आणि माझ्या पिंपातलं मिठाचं पाणी रोज मोजून टाकीत घ्यायचा, जास्तीचं गटारात ओतायचा. चार वर्षं. तो ऑपरेशनला गेला आणि नव्या माणसाने प्रामाणिकपणे सगळं ओतलं. मी विचारलं, मला सांगता येत नव्हतं? तो म्हणाला, "वहिनी, आधी ज्याने सांगितलं तो कुठे आहे?"

आता बोलावतोस तिला? बोलाव. तुझ्या लेकीने दोन वर्षांच्या शिक्षणावर, आईने चोर ठरवलेल्या माणसाची निर्दोष सुटका केली. तो माणूस तू आहेस. याची किंमत किती लावायची ते ठरव, मग तिची फी महाग वाटते का बघ.

तुझी आई


३१ जुलै

रविवारी तू आला नाहीस. मी अंगण झाडून घेतलं होतं, सहज.

गेल्या आठवड्यात मी त्या तिघांकडे जाऊन आले. पायी. पडदेवाल्याला सांगितलं, तो लॉट मी बिघडवला होता, मुलाने नाही. तो म्हणाला, एवढ्या वर्षांनी कशाला? मी म्हटलं, बसून ऐका. चादरवाली म्हणाली, मला तेव्हाच वाटलं होतं. हिला नेहमी तेव्हाच वाटलेलं असतं. टोपीवाला म्हातारा वारला, म्हणून त्याच्या मुलाला सांगितलं. त्याला काहीच कळलं नाही, पण त्याने खुर्ची दिली आणि चहा दिला. नव्या माणसालाही बोलावून सांगितलं, तुझी चूक नव्हती. तो पगारवाढ मागायला लागला. थोडी दिली.

तुझे चाळीस हजार टिटवीच्या खात्यावर आले. सोबत एकच शब्द होता म्हणे, "भर." मी डबा काढूनच बसले होते. तिला म्हटलं, त्याचे परत पाठव, माझे आधी तयार होते, शिवाय ते तूच वाचवलेल्या ऑर्डरचे, म्हणजे तुझ्या स्वतःच्या कमाईतले आहेत. ती म्हणाली, "नाही आजी. तुझे राहू देत. बाबांचे भरायचे."

मला राग आला. डब्याचं झाकण मी जरा जोरात लावलं. दोन वर्षं फी कुणी भरली, कपडे कुणी शिवले, पोटापाण्याचं कुणी बघितलं? मग तिच्या तोंडाकडे बघितलं. तू गेलास त्या दिवसापासून ते तोंड एका बाजूने मिटलेलं असायचं. काल ते पूर्ण उघडून ती नुसती बडबडत होती. कानाला दडे बसले. टिटवी नाव उगीच नाही.

आज सकाळी खिडकीवर जाऊन भरून आली. पावतीवर पैसे भरणाऱ्याचं नाव लिहितात, तिथे तिने तुझं घातलं. कारकून म्हणाला, आज शेवटचा दिवस, रांग बघा. ती म्हणाली, चार वर्षं थांबले, रांगेचं काय.

हे तिने मला सांगितलं. तुला सांगणार नाही, म्हणून मी लिहिते.

तुझी आई


२३ मे

वर्षभरात तू दर महिन्याला पत्र पाठवलंस. लांब लांब. हवापाणीसुद्धा लिहायला लागलास. मी वाचली, उत्तरं तिच्याकडून लिहून घेतली. आज मात्र मीच लिहिते, कारण ही बातमी दुसऱ्या कुणाच्या अक्षरात जाऊ द्यायची नाही.

निकाल लागला. पहिली आली नाही. चौथी आली. ती जरा हिरमुसली, मी म्हटलं, चौथी या आकड्यावर मी आयुष्य काढलं, चांगला आकडा आहे.

आणि नोकरी लागली. रंग बनवणारी मोठी कंपनी, तिच्या प्रयोगशाळेत. मुलाखतीला तिघं बसले होते. पुस्तकातलं सगळे सांगतात, म्हणून हिने निळ्या लॉटची गोष्ट सांगितली. नऊ बाटल्या, चार पेले, नळाचं पाणी, सगळं. मी विचारलं, माझं नाव घेतलंस? म्हणाली, नाही, नुसतं आजी म्हटलं. त्यातला एक म्हणाला म्हणे, या आजींना आमच्याकडे भेटायला आणा. मी जाणार नाही. गेले तरी काही चाखणार नाही.

पगार महिना चोवीस हजार. तुझा गोदामातला बावीस. हे मी दोनदा लिहिते. तिचा चोवीस, तुझा बावीस.

आता तुझ्याच कागदावरून. गल्ल्यापेक्षा महिन्याला बारा हजार जास्त. तुझे पूर्ण पाच लाख बावन्न हजार धरले, मी सोडून दिलेली दोन वर्षंसुद्धा उदार मनाने धरली, तरी शेहेचाळीस महिने. तीन वर्षं, दहा महिने. त्यात अकरा शाळांची ऑर्डर धरलेली नाही. तिच्या वर्गातल्या सगळ्यांना चोवीस मिळाले नाहीत हेही खरं, निम्मे अजून जाहिराती वाचतायत. तेव्हा प्रत्येकाला शिकवाच असं मी म्हणणार नाही. आपल्या पोरीला शिकवलं ते बरोबर केलं, एवढंच म्हणते, आणि ते मी केलं. शेवटचं वर्ष तू.

ती एक जुलैपासून जाणार. जाण्याआधी तिने पिंपावर आतून रेघ मारली आहे, इथपर्यंत पाणी, इतके किलो मीठ. काटा आणला आहे. मिस्त्री रोज काट्याला नमस्कार करतो. पण त्याला आता पायऱ्या चढवत नाहीत, आणि नवा माणूस अजून ढवळताना झोपतोच, ते काही रसायनातलं नव्हतं.

परवाच्या पत्रात तू खाली बारीक अक्षरात विचारलंस, तिकडे माणूस लागेल का. माझे डोळे अजून चांगले आहेत, बारीक लिहायची गरज नव्हती. लागेल. पगार वीस, म्हणजे लेकीपेक्षा चार कमी, त्याची सवय कर. सूनबाईने गल्ला बघायचा, मला आता बेरजेचा कंटाळा येतो. पंधरा जूनपर्यंत या, म्हणजे पोरीबरोबर पंधरा दिवस मिळतील.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी निळा लॉट आहे. मीठ तू मोजायचंस, तू ओतायचंस. मी शेजारी उभी राहीन. गप्प राहीन असं मात्र लिहून देत नाही.

तुझी आई